चार काड्या, आवाज शून्य

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. मोबाइल कंपनीशी तोंडी भांडून काही निघत नाही, पुरावा लागतो. ही दुकानाची डायरी. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांचे पत्ते, मागच्या पानांवर आता कंपनीची लक्तरं.

तक्रार अशी. फोन वाजतच नाही. शेजारी टेबलावर असतो, गप्प असतो, आणि तासाभराने बघावं तर सहा मिस्ड कॉल. अरे, कॉल आला तर रिंग नको यायला? बरं, वेळेवर नजर गेली आणि उचललाच, तर पलीकडचा माणूस उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. त्यातही बायकांचे आवाज पार कापून जातात, पुरुषांचे जरा बरे येतात. यातही कंपनी भेदभाव करते, म्हणजे कमालच झाली. समोर ती नवी इमारत उठल्यापासून हे सगळं सुरू झालं. आधी असं नव्हतं.

बावीस वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त करतो आहे. खाली दुकान, वर घर. कामाला मी आणि माझा धाकटा भाऊ. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणाच्या आत माझ्या नंबरचा स्टिकर लावतो. अशी हजारो झाकणं आहेत गावभर. नंबर बदलायचा म्हणजे धंद्यावर पाणी सोडायचं. म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलणार.

मोबाइलच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी बसते. तोंडातल्या तोंडात बोलते. शेवटी म्हटलं, बाई, कागदावर लिहून दे. तिने लिहून दिलं: एकदा बदललं की तीन महिने परत बदलता येणार नाही, तेव्हा आधी घरात कुणाची रेंज किती ते बघून घ्या. अक्षर मात्र सुरेख आहे तिचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चाचणी केली. माझा फोन जुन्या कंपनीचा. बायकोचा दुसऱ्या, धाकट्याचा तिसऱ्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा चौथ्या, तोही तासाभरासाठी मागून आणला. मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून दिला, जसा काही मी किडनी मागतोय.

धाकट्याला खाली दुकानात उभं केलं आणि एकसारखं बोलत राहा म्हणून सांगितलं. काय बोलू विचारायला लागला. म्हटलं, स्पेअर पार्टची यादी वाच. मी एकेक फोन घेऊन घरभर फिरलो. तो यादी वाचतोय, मी फोनवरच्या रेंजच्या काड्या मोजतोय.

स्वयंपाकघरात चारही फोनना चार काड्या. पण ही भांडी घासत होती, नळ चालू, आवाज एकाचाही धड येईना. बाल्कनीत तीन काड्या, खाली गाड्यांची वर्दळ, आवाज शून्य. बैठकीच्या खोलीत बरं, पण टीव्ही बंद केल्यावर. आणि आता गंमत. बाथरूममध्ये, दार लावून, जेमतेम दोन काड्या होत्या, तर तिथे चारही फोनवर धाकट्याचं 'पंप, बेल्ट, ड्रेन पाइप' बऱ्यापैकी स्वच्छ! दोन काड्यांत आवाज येतो आणि चार काड्यांत येत नाही. म्हणजे या काड्या शुद्ध फसवणूक आहेत.

आणखी एक नोंद. फोन उजव्या बाजूला धरला की बरं येतं, डाव्या बाजूला काहीच नाही. चारही फोनचं तेच. आत अँटेना सगळे एकाच बाजूला बसवत असावेत.

धाकटा वर आला आणि म्हणाला, "दादा, मला तुझं सगळीकडे नीट ऐकू येत होतं." म्हटलं, शहाण्या, तुझ्या बाजूला येणारच. प्रश्न माझ्या बाजूचा आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हल्ली ही ओरडूनच बोलते. साधं जेवायला या म्हणायचं तरी शेजाऱ्यांना कळलं पाहिजे. पूर्वी अशी नव्हती. आणि ओरडत नसेल तेव्हा पाठ करून पुटपुटते, मग मी काय म्हणालीस विचारलं की चिडते. मधलं काही नाहीच.

आज म्हणे, कान दाखवून या. माझे कान! मशीनच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि आत कुठलं बेअरिंग गेलंय ते झाकण न उघडता सांगायचं. या गावात हे येणारा मी एकटा. धाकट्याला मीच शिकवलं, त्यालाही अजून माझ्याइतकं साधत नाही. आणि ही मला सांगणार कान दाखवा. नवऱ्याचं दुखणं काढायची हौस भारी. कंपनीने कानावर हात ठेवले, आता घरच्यांनीही माझ्यावरच ढकललं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लाँड्रीत गेलो होतो. लाँड्रीवाल्या बाईंकडे सहा मोठी मशीन आहेत, रुग्णालयाच्या चादरी धुतात. वर्षाच्या देखभालीचा करार अकरा वर्षं माझ्याकडे. दर मार्चमध्ये पुन्हा सही होते. दुकान खरं चालतं ते या एका करारावर, किरकोळ कामं म्हणजे वरखर्च.

चार नंबरचं मशीन फिरताना थरथरतं म्हणाल्या. म्हणजे धाकट्याने मला तसं सांगितलं, त्या स्वतः फार भराभर बोलतात. स्क्रू ड्रायव्हर लावून बघितलं. बेअरिंग ठणठणीत. बेल्ट सैल झाला होता, बदलला.

धाकटा बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, शिट्टी वाजतेय. बारीक. बेअरिंगची."

"शिट्टी तुझ्या डोक्यात वाजतेय."

"अरे खरंच. परत एकदा ऐक ना."

परत ऐकलं. काही नाही. आजकालची मशीन मुळातच मुकी असतात, पूर्वीसारखी बोलत नाहीत. पण गिऱ्हाइकासमोर मोठ्या भावाला खोटं पाडायचं, ही कुठली रीत? रस्ताभर त्याच्याशी बोललो नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वाईट झालं.

चार नंबरचं बेअरिंग आज सकाळी गेलं. नुसतं गेलं नाही, शाफ्ट घेऊन गेलं. ड्रम आतल्या आत आपटला, काच फुटली, लाँड्रीभर पाणी. चादरींच्या चिंध्या. कामावरच्या बाईच्या पायावर काच उडाली, टाके पडले. डोळ्याला लागली असती तर? नाही लागली. पण लागली असती तर?

मशीन आधी अर्धा तास खडखडत होतं म्हणे. त्या अर्ध्या तासात लाँड्रीवाल्या बाईंनी मला नऊ वेळा फोन केला. धाकटा बाहेर कामाला गेला होता, मी दुकानातच होतो, फोन समोर होता. नऊ मिस्ड कॉल. एकही वाजला नाही, आईशप्पथ. मी एका शब्दात सांगितलं असतं, बटण बंद करा. एवढंच सांगायचं होतं.

पोचलो तेव्हा त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. सगळं धाकट्याकडे बघून बोलत होत्या. मी मध्ये म्हटलं, "नेटवर्क नव्हतं हो." त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. तसं बघण्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

या कंपनीला कोर्टात खेचलं पाहिजे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी वर आलो तर ही आणि धाकटा टेबलाशी बसून काहीतरी बोलत होते. मी दिसताच दोघांची तोंडं बंद. हिचे डोळे लाल. विचारलं काय चाललंय, तर काही नाही. माझा फोन हिच्या हातात होता. म्हणाली, पुसत होते, ग्रीसचे डाग पडलेत.

लाँड्रीचा करार राहतो की जातो हा घोर लागलाय दोघांना, दुसरं काय असणार. मला नाही का? मला जेवण जात नाहीये.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पाच दिवसांत एक कॉल नाही. आधी मिस्ड कॉल तरी दिसायचे, आता तेही बंद. म्हणजे कंपनीने माझं उरलंसुरलं नेटवर्कही काढून घेतलं.

आणि धाकट्याचा फोन बघा! त्याच दुकानात, त्याच टेबलावर, दिवसभर थरथरतोय. हा सारखा उठून बाहेर जाऊन बोलतो, पिशवी उचलतो, कामाला जातो. परवा चार घरं केली, काल पाच. मी दिवसभर जुने पंप उघडतोय आणि लावतोय. विचारलं, एवढी गिऱ्हाइकं तुला कुठून मिळतात रे? तो म्हणाला, "मिळतात, दादा." मान खाली घालून. बावीस वर्षं माझ्या हाताखाली काढली, आता स्वतंत्र बस्तान बसवतोय की काय कोण जाणे. वाटलं तर नाही त्याच्याकडून असं.

पण एक गोष्ट सिद्ध झाली. जागा एक, दुकान एक, त्याला कॉल येतात आणि मला नाहीत. फरक फक्त कंपनीचा. त्याचीच कंपनी घ्यायची. चाचणी संपली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलीने मी न सांगताच सगळं लिहून दिलं. समजूतदार पोरगी आहे.

शनिवार, १ मार्च

सकाळी अकराला नवं सिम चालू झालं. आणि दोन तासांत तीन मिस्ड कॉल! पोचले! मी दुकानात नाचायचाच बाकी होतो. रिंग काही वाजली नाही, पण पोचले तर खरे. दुपारी एक स्क्रीनवर दिसला तसा झडप घालून उचलला. कोणी गृहस्थ होते. अर्धं कळलं, अर्धं राहिलं, पण पत्ता कळला. जाऊन मशीन नीट करून आलो. पाय जमिनीवर नव्हते येताना.

घरी येऊन हिला म्हटलं, बघ, कानाला नावं ठेवत होतीस. कंपनी बदलली आणि चाललं की नाही? ती रात्रीच्या भाजीची तयारी करत बसली. मग म्हणाली, "द्या फोन इकडे, नव्या सिमवर नंबर सेव्ह करून देते."

बुधवार, ५ मार्च

बोंबला. पुन्हा तेच. शनिवारपासून एक कॉल नाही. नव्याचे नऊ दिवससुद्धा नाही, नव्याची एक दुपार! सगळ्या कंपन्या एका माळेचे मणी. पहिल्या दिवशी चांगलं द्यायचं, माणूस अडकला की वाऱ्यावर सोडायचं.

औषधांच्या दुकानात एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. हात हातात घेऊन, अगदी तोंडाजवळ येऊन म्हणाले, "स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला, अर्ध्या तासात तुमचा भाऊ हजर. वा!" म्हटलं, माझ्या नंबरला लावलात? हो म्हणाले. नक्की धाकट्याचा लावला असणार. म्हातारपणी माणसांना आपण काय केलं तेही आठवत नाही.

शनिवार, ८ मार्च

कसं लिहू कळत नाही. पण पुरावा म्हणून सुरू केलं होतं, तर पुरावा लिहून ठेवतो.

काउंटरवरच्या मुलीकडे गेलो. म्हटलं, ही पण कंपनी बदलून दे, तीन महिने गेले खड्ड्यात. तिने माझा फोन मागितला. काहीतरी आकडे दाबले, कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे. काहीतरी बोलली. मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं:

'काका, नेटवर्क उत्तम आहे. तुमचे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले आहेत. १ तारखेला संध्याकाळी कोणीतरी या फोनवरूनच केलंय.'

खाली नंबर लिहिला. धाकट्याचा.

मी म्हटलं, चूक असेल. तिने मान हलवली. मग विचारून घेतलं, जुन्या कंपनीतही असंच केलं असेल का? तिने लिहिलं, 'असू शकतं. कंपनी बदलली की ते निघून जातं, परत करावं लागतं.' म्हणून ती एक दुपार.

ते काढून टाक म्हटलं. काढलं तिने. पैसे विचारले तर घेतले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती, ती मला नको होती.

रविवार, ९ मार्च

दोघांना समोर बसवलं. आवाज चढला माझा, चढणारच. म्हटलं, माझ्याच घरात, माझ्याच फोनमधून माझा धंदा चोरलात. धाकट्याला म्हटलं, तुला हाताला धरून शिकवलं, त्याचे हे पांग फेडलेस. तो रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, ढसाढसा.

ही उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी नाकासमोर, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी केलंय. त्याचा काही दोष नाही. त्या दिवशी फोन वाजत होता, अहो. मला वर ऐकू येत होता, जिन्यावरून. नऊ वेळा. मला वाटलं तुम्ही उचलताय. एका बाईच्या पायाला टाके पडले. तुम्ही डॉक्टरकडे जाणार नाही, फोन सोडणार नाही, मग मी काय करायचं? सांगा ना, काय करायचं?"

मी म्हटलं, "मला सांगायचं."

"सांगितलं की! महिनोन् महिने सांगतेय. ऐकलंत?"

मग ती मागे सरून खुर्चीवर बसली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच लागलं असावं. माझ्या छातीत मात्र कुणीतरी पाना फिरवावा तसं झालं.

धाकटा म्हणाला, "दादा, मी प्रत्येक घरी तुझंच नाव सांगतो. दादांनी पाठवलंय म्हणून." हे मला नीट कळलं, कारण तो माझ्या उजव्या हाताला बसला होता. हे लिहिताना लक्षात आलं.

तरी म्हटलं, उद्यापासून माझे कॉल मी घेणार. कुणीही फोनला हात लावायचा नाही. दोघं हो म्हणाले.

सोमवार, १० मार्च

आठ वाजल्यापासून फोन तळहाताखाली धरून बसलो, थरथरला की कळावा म्हणून. निकालाची वाट बघणारा पोरगा बरा, इतक्या ताणात बसलो होतो.

पहिला आला साडेनऊला. बाई होत्या. बोलण्याची लय कळत होती, मशीनमधून पाणी गळत असावं अशी लय होती. बावीस वर्षांत ती लय पाठ झाली आहे. शब्द मात्र एक नाही. मी म्हटलं, पत्ता सांगा. त्यांनी सांगितला असणार. म्हटलं, पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फोन बंद झाला. बाथरूममध्ये जाऊन परत लावला, दार लावून. कुणी उचलला नाही.

दुसरा पुरुष होता. त्यांना म्हटलं, मेसेज करा. केला नाही त्यांनी.

सव्वाअकराला स्क्रीनवर लाँड्रीवाल्या बाईंचं नाव. मार्च महिना, म्हणजे करार. धाकटा बाहेर कामावर, ही बाजारात. म्हटलं, हा कॉल जायला नको, काहीही झालं तरी. वर पळालो, बाथरूमचं दार लावलं, फोन उजव्या कानावर दाबून धरला. त्या बोलत होत्या. बराच वेळ. भांडत नव्हत्या, आवाज मऊ होता, एवढं कळलं. 'अकरा वर्षं' असं काहीतरी आलं मध्ये. 'करार' आलं. मग थांबल्या. माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

पुन्हा सांगा म्हणायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण पुन्हा सांगा म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं, आणि करार गेलाच असता. मी म्हटलं, "हो, हो. चालेल. अगदी चालेल."

त्या आणखी थोडं बोलल्या, आणि ठेवला. आवाजावरून खूश होत्या. मी बाथरूममधल्या स्टुलावर बसून राहिलो. घामाने सदरा भिजला होता, पण जिंकल्यासारखं वाटत होतं. करार राहिला. माझ्या फोनवर, मी घेतला.

दीड वाजता धाकटा आला. पिशवी खाली ठेवली नाही. माझ्या उजव्या बाजूला आला, वाकला, आणि हळू नाही, ओरडून नाही, नीट बोलला.

"दादा, लाँड्रीतून आलो. बाई म्हणाल्या, करार या वर्षीपासून माझ्या नावावर करायचा. फक्त माझ्या. आणि तू मशीनला हात लावायचा नाहीस, तिथे यायचंही नाही. मी म्हटलं, दादाला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. तर म्हणाल्या, सकाळीच विचारलं. तुझ्या दादाने लगेच हो म्हटलं, एक शब्द उलट बोलला नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे म्हणाल्या." तो थांबला. "दादा, तू खरंच हो म्हणालास?"

नाही म्हणायचं, तर काय ऐकलं नाही तेही सांगावं लागलं असतं. त्याला, मग हिला, मग त्या बाईंना. आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. त्याला माझं उत्तर आधीच माहीत होतं, तरी त्याने विचारलं, मला ते माझ्या तोंडाने बोलता यावं म्हणून.

"हो," मी म्हटलं. "विचार करूनच म्हटलं."